नकाशात रंग भरण्याआधी आपली हरकत कागदावर



आज आपण गावाच्या नकाशाविषयी बोलणार आहोत. नकाशा म्हटला की तो तलाठ्याचा, मोजणीवाल्यांचा, फार तर घरातल्या पुरुषमंडळींचा विषय, असे आपल्याला वाटते. पण आपण ओसरीवर पापड लाटतो, पडवीत शिलाई मशीन चालवतो, घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये मसाला कांडतो. ही जागा उद्या कशासाठी वापरता येईल आणि कशासाठी नाही, हे त्या नकाशातला रंग ठरवतो. म्हणून हा विषय जितका चावडीचा, तितकाच आपल्या ओसरीचाही आहे.

शहरालगतच्या गावांत, नगरपंचायत झालेल्या तालुक्याच्या ठिकाणी आणि मोठ्या रस्त्याकडेच्या वस्त्यांत हल्ली एक नोटीस लागते. तिची भाषा अशी असते : ‘प्रारूप विकास योजना प्रसिद्ध करण्यात येत असून नागरिकांनी हरकती व सूचना विहित मुदतीत सादर कराव्यात.’ नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते, वर्तमानपत्राच्या आतल्या पानात बारीक अक्षरात छापून येते. मुदत संपते. मग दोन-चार वर्षांनी कुणी शेड वाढवायला जाते, बँकेत कर्ज मागायला जाते, तेव्हा कळते की आपली जागा ‘हिरव्यात’ गेली किंवा तिच्यावरून रस्ता गेला. तसे आपल्याबाबत होऊ नये, यासाठी आजचा हा भाग.

झोन म्हणजे काय?

महाराष्ट्रात या सगळ्यामागे एक कायदा आहे. त्याचे नाव महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. या कायद्याने जमिनीच्या वापराच्या योजना तयार होतात. जिल्ह्यासारख्या मोठ्या भागाची असते ती प्रादेशिक योजना, तिला बोलताना ‘आरपी’ म्हणतात. नगरपालिका, नगरपंचायत, महानगरपालिका किंवा विकास प्राधिकरण आपल्या हद्दीची करते ती विकास योजना, म्हणजे ‘डीपी’. या योजनेच्या नकाशात जमिनीचे भाग पाडलेले असतात. या भागांना मराठीत वापर विभाग म्हणतात, पण सगळीकडे शब्द चालतो तो ‘झोन’.

नकाशात साधारणपणे पिवळा रंग रहिवासाचा, निळा दुकाने-व्यापाराचा, जांभळा कारखान्यांचा आणि हिरवा शेतीचा असतो. तरी नकाशाच्या कडेला रंगांची सूची दिलेली असते, ती आधी वाचावी. रंग पाहून अंदाज बांधू नये.

रंग सांगतो की इथे कोणता वापर चालेल. पण तो किती चालेल, केवढ्या रस्त्यावर चालेल, किती मजली चालेल, हे नियमावली सांगते. मुंबई आणि इतर काही भाग वगळता राज्यात बहुतेक ठिकाणी २०२० च्या डिसेंबरपासून एकच नियमावली लागू आहे : एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. म्हणजे आपल्या कामाचे कागद दोन : एक नकाशा आणि एक नियमांचे पुस्तक. यातला कोणताही बदलू शकतो. नकाशा तोच राहून नियम बदलला, तरी परिणाम आपल्यावर होतोच.

घरावर आणि धंद्यावर काय परिणाम होतो?

समजा, एका ताईचे घर रहिवास विभागात आहे. घरातल्या माणसांनी, बाहेरचे मजूर न लावता केलेली शिवणकाम-भरतकामासारखी घरगुती कामे रहिवास विभागात चालतात. लहान किराणा दुकानही नियमात बसू शकते. पण पिठाची गिरणी, कांडप मशीन, बेकरी अशा गोष्टी आल्या की मोटरची ताकद, समोरच्या रस्त्याची रुंदी, कामावरच्या माणसांची संख्या असे प्रश्न निघतात. म्हणून मशीन घेण्याआधी, विजेचा भार वाढवण्याआधी नियम विचारून घ्यावा. मशीन आणल्यावर विचारले तर उत्तर महागात पडते.

दुसऱ्या ताईची जागा शेती विभागात आहे. शेती विभागात काहीच करता येत नाही, असा समज आहे. तो बरोबर नाही. शेतमालावर प्रक्रिया, गोठा, कुक्कुटपालन असे शेतीला जोडून असलेले उद्योग अटींसह करता येतात. गावठाणालगत ठराविक अंतरापर्यंत घरबांधणीलाही वाट आहे, मात्र त्यासाठी शासनाला अधिमूल्य भरावे लागू शकते. हे सगळे परवानगी घेऊन करायचे असते.

तिसरी ताई वीस वर्षे एकाच जागी खानावळ चालवते. नव्या नकाशात ती जागा दुसऱ्याच विभागात गेली. मग खानावळ रातोरात बंद होते का? सहसा नाही. आधीपासून कायदेशीर चालू असलेल्या वापराला ‘असंगत वापर’ म्हणून मुभा मिळू शकते. पण वाढवायचे म्हटले, नवी खोली बांधायची म्हटली की परवानगी अडते. शिवाय ‘आधीपासून कायदेशीर’ हे सिद्ध करायला कागद लागतो. वीजबिल, परवाना, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, कराची पावती हे सगळे जपून ठेवायचे ते याचसाठी.

इथे दोन गैरसमज दूर करू.

पहिला : ‘आम्ही घरपट्टी भरतो, म्हणजे घर कायदेशीर आहे.’ नमुना ८ चा उतारा ही कर आकारणीची नोंद आहे. कर घेतला म्हणजे बांधकामाला परवानगी दिली, असे होत नाही.

दुसरा : ‘जमीन एनए केली आहे, आता काय अडणार?’ बिनशेती हा महसुलाचा विषय आणि झोन हा नगररचनेचा. एनएचे नियम सरकार वेळोवेळी बदलत आले आहे. पण ते सोपे झाले म्हणून झोन बदलत नाही. बांधकामाच्या वेळी दोन्ही पाहिले जातात.

रस्ता, आरक्षण आणि पूररेषा

रंगांबरोबर नकाशात रेघा आणि चौकोनही असतात. रेघ म्हणजे प्रस्तावित रस्ता. चौकोन म्हणजे आरक्षण : शाळा, बाजार, खेळाचे मैदान, दफनभूमी, पाण्याची टाकी. आरक्षण गावासाठी गरजेचे असते. पण ते कुणाच्या तरी जमिनीवर पडते. त्या जमिनीचा मोबदला पैशांत, जादा बांधकामाच्या हक्कात किंवा टीडीआरच्या रूपात मिळण्याची तरतूद आहे. ती मिळेपर्यंत मात्र जमीन अडकून राहते. आरक्षण मंजूर योजनेत येऊन १० वर्षे झाली आणि जागा ताब्यात घेतली नाही, तर कलम १२७ खाली मालकाला खरेदीची नोटीस देता येते. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द झाल्याचे मानले जाते. हिशेब केला तर बारा वर्षे झाली. तेवढ्या काळात मुलगी शाळेत जाऊन लग्नाची होते. म्हणून आरक्षण कागदावर उतरण्याआधीच बोलणे बरे.

नदीकाठच्या गावांत निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामावर कडक बंधने असतात. ही रेषा चुकीची वाटली तर पाटबंधारे खात्याकडून पडताळून मागता येते. पण रेषा बरोबर असेल, तर तिच्याशी भांडू नये. ती आपल्या जिवासाठी आहे.

बोलायची वेळ कोणती?

भगिनींनो, कायद्यात आपल्याला बोलायला दारे ठेवली आहेत. ती ठराविक वेळी उघडतात आणि ठराविक वेळी बंद होतात.

पहिले दार : योजना करण्याचा इरादा जाहीर होतो तेव्हा. त्यानंतर माणसे येऊन सध्याच्या जमीन वापराची पाहणी करतात. कुठे घर, कुठे दुकान, कुठे विहीर, कुठे पडीक हे टिपून विद्यमान भूवापर नकाशा तयार होतो. ही पाहणी म्हणजे सगळ्या योजनेचा पाया. पाहणीला आलेल्या माणसाला आपली पत्र्याची शेड ‘गोठा’ दिसली, बचत गटाचे विक्री केंद्र ‘रिकामी जागा’ दिसली, तर पुढच्या नकाशात ते तसेच उतरणार. बायकांचे काम घराच्या आत, ओसरीवर, परसात चालते. ते रस्त्यावरून दिसत नाही. आपणच ते दाखवले पाहिजे आणि टिपून घ्यायला लावले पाहिजे.

दुसरे दार : प्रारूप योजना प्रसिद्ध होते तेव्हा. कलम २६ ची ही नोटीस शासनाच्या राजपत्रात येते आणि हरकती-सूचनांसाठी सर्वसाधारणपणे ३० दिवस मिळतात. नेमकी तारीख नोटिशीत वाचावी. हे सर्वात मोठे दार आहे.

तिसरे दार : मंजूर योजनेत नंतर फेरबदल होतो तेव्हा. कलम ३७ खाली एखाद्या जागेचा झोन बदलायचा असेल, तरी नोटीस काढून एक महिन्याच्या आत हरकती मागवाव्या लागतात, आणि ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना कळवून त्यांचे म्हणणे ऐकावे लागते. शेजारच्या मोकळ्या शेताचा एकाएकी औद्योगिक विभाग होणार असेल, तर आपल्या विहिरीसाठी, आपल्या वाटेसाठी बोलण्याचे हे दार आहे. विकास योजना शासनाकडे गेल्यावर शासनाने स्वतः मोठा बदल सुचवला, तर त्याचीही वेगळी नोटीस निघते.

आता एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. हरकत घ्यायला सातबारा आपल्या नावावर असावा लागत नाही. कायद्यात ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द आहेत. भाडेकरू बाई, भूमिहीन बाई, हातगाडीवर वडापाव विकणारी बाई, माहेरी राहणारी परित्यक्ता, कुणीही लेखी हरकत देऊ शकते. ‘जमीन मालकाची, आपण काय बोलणार’ असे म्हणून गप्प बसू नका.

तरीही घराच्या नोंदीत आपले नाव असणे चांगलेच. ग्रामपंचायतीच्या मिळकत नोंदीत पती-पत्नी दोघांची नावे लावावीत, असे शासनाने २००३ सालीच सांगितले आहे. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. आपल्या पत्रिकेवर कुणाची नावे आहेत, क्षेत्र बरोबर आहे का, हे पाहून घ्या.

हरकत कशी लिहावी?

आधी आपली जागा नकाशात शोधायची. सातबाऱ्यावरचा गट नंबर किंवा मिळकत पत्रिकेवरचा सिटी सर्व्हे नंबर हाताशी ठेवा. नियोजन कार्यालयात नकाशा बघायला खुला असतो, फी भरून प्रतही मिळते. मंजूर योजनेबाबत नगररचना कार्यालयातून ‘झोन दाखला’ आणि ‘भाग नकाशा’ मागता येतो. नकाशा एकटीने वाचायला बसू नका. गटातली शिकलेली सून, कॉलेजात जाणारी मुलगी, ग्रामसंघाची लिपिका, एखादा माहीतगार मोजणीवाला असे चार-पाच जण मिळून वाचा.

अर्ज साधा असावा. नमुना असा :

‘प्रति, (नोटिशीत दिलेल्या अधिकाऱ्याचे पद व पत्ता). विषय : प्रारूप विकास योजनेवर हरकत व सूचना. मौजे अमुक, गट नंबर अमुक येथे आमचे राहते घर व घराशेजारी मसाला कांडप केंद्र आहे. केंद्र अमुक सालापासून चालू असून त्यावर इतक्या महिलांचा रोजगार आहे. प्रारूप योजनेत या जागेवरून इतक्या मीटरचा रस्ता दाखवला आहे. शेजारी गट नंबर अमुकमधून सध्या वहिवाटीचा रस्ता आहे, तो रुंद केल्यास गरज भागते. तरी प्रस्तावित रस्त्याची आखणी बदलावी, ही विनंती. सुनावणीत आमचे म्हणणे मांडण्याची संधी मिळावी. सोबत : सातबारा, नमुना ८, वीजबिल, फोटो.’

यात चार गोष्टी आहेत : जागा कोणती, आज तिथे काय आहे, योजनेत काय दाखवले आहे आणि त्याऐवजी काय करावे. चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. नुसते ‘आमच्यावर अन्याय होतो आहे’ असे लिहिले तर ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ‘असे करू नका, त्याऐवजी असे करा’ म्हटले की विचार करायला जागा होते.

छापील मजकुरावर शंभर सह्या घेण्यापेक्षा प्रत्येकीने आपल्या जागेचे वेगळे कारण लिहिलेला अर्ज द्यावा. सामाईक प्रश्नासाठी, म्हणजे पाणवठ्याची वाट, बाजाराचे ओटे, अंगणवाडी, स्मशानाकडे जाणारा रस्ता यासाठी, ग्रामसंघाच्या ठरावाची प्रत जोडा.

अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. आमच्या गटांतल्या काही जणींना एका कार्यालयात ‘पोच नंतर मिळेल’ असे सांगून परत पाठवले. त्यांनी तोच अर्ज त्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने पाठवला आणि पावती जपली. तुम्हीही तसेच करा. तोंडी सांगितलेली हरकत ही हरकत नसते.

सुनावणीत काय होते?

हरकती आल्यावर नियोजन समिती सुनावणी घेते. बोलायला वेळ थोडा मिळतो, कधी दोन-तीन मिनिटेच. म्हणून जाताना आपली पोच, भाग नकाशावर लाल पेनने खूण केलेली जागा आणि दोन फोटो हातात ठेवा. रडगाणे नको, भांडण नको. ‘साहेब, ही आमची जागा, हा तुमचा रस्ता, आणि ही आमची सूचना’ एवढे तीन वाक्यांत बोलायचा सराव गटाच्या बैठकीत करा. बरोबर मैत्रीण न्या.

बोलून फरक पडतो का?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. दोन उदाहरणे सांगतो.

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २०२१ च्या ऑगस्टमध्ये प्रारूप विकास योजना प्रसिद्ध केली. तिच्यावर साठ हजारांहून जास्त हरकती आल्या. सुनावण्या झाल्या, प्रकरण न्यायालयातही गेले. अखेर २०२५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडा रद्द करण्याचा निर्णय घेतला.

मुंबईत २०१५ मध्ये नव्या विकास आराखड्याचा मसुदा आला. त्यातल्या चुकांवर लोकांनी इतका आवाज उठवला की तो दुरुस्त करून नव्याने मांडावा लागला. त्याच काळात महिला संघटनांनी आपल्या मागण्या लावून धरल्या. काम करणाऱ्या महिलांसाठी निवास, कौशल्य केंद्रासह आधार केंद्र अशी नवी आरक्षणे त्या आराखड्यात आली. म्हणजे बायकांनी नको ते काढायला तर सांगितलेच, पण हवे तेही मागितले.

या उदाहरणांची दुसरी बाजूही आहे. आराखडा रद्द होतो, तेव्हा चार-चार वर्षे अधांतरी जातात. तेवढ्या काळात घर बांधणाऱ्याला आपली जागा कुठल्या झोनमध्ये येणार, हे कळत नाही. म्हणून आपली मागणी ‘सगळे रद्द करा’ एवढीच असू नये. काय बदलावे, हे नेमके सांगता आले पाहिजे.

गटात दोन मते असतील तेव्हा

एकाच गटात एका ताईला रस्ता हवा असतो, कारण तिच्या दुकानासमोर गिऱ्हाईक थांबेल. दुसरीची पडवी त्याच रस्त्यात जाते. व्यापारी विभाग झाला की मालकिणीच्या जागेचा भाव चढतो, आणि तिच्याच गाळ्यात भाड्याने बसणारीचे भाडेही चढते. गोदाम आले तर दहा जणींना काम मिळेल, पण शाळेच्या वाटेवर ट्रकही येतील. यात कुणी चांगली आणि कुणी वाईट नाही.

अशा वेळी गटाने कुणाचीही सही जबरदस्तीने घेऊ नये. बैठकीत कागदावर दोन रकाने काढा : कुणाचा फायदा, कुणाचा तोटा. ज्यात सगळ्यांचे हित आहे तेवढेच ग्रामसंघाच्या ठरावात घ्या. बाकीचे ज्याचे त्याने आपल्या अर्जात लिहावे. जमिनीवरून गट फुटला, तर बचतही जाते आणि मैत्रीही.

या महिन्यात काय कराल?

पहिले, ग्रामसेवकांना किंवा नगरपंचायतीत विचारा : आपले गाव कोणत्या योजनेत आहे, नवी योजना किंवा फेरबदल चालू आहे का, शेवटची तारीख कोणती. दुसरे, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. पुढच्या महिला सभेत हा विषय मांडा आणि ठराव इतिवृत्तात लिहून घ्या. तिसरे, प्रत्येक गटाने आपल्या सदस्यांच्या घरगुती धंद्यांची यादी करावी : नाव, गट नंबर, काम, कधीपासून, कोणते कागद आहेत. ही यादी पाहणीला आलेल्यांना देता येते, हरकतीला जोडता येते आणि बँकेतही उपयोगी पडते. चौथे, फळ्यावरची नोटीस आठवड्यातून एकदा कुणी वाचायची, याची पाळी लावा. नोटिशीचा मोबाईलवर फोटो काढून गटाच्या ग्रुपवर टाका.

आपण रोज किती पापड लाटले याचा हिशेब आपल्या वहीत असतो. आता त्या वहीत आपला गट नंबर आणि आपला झोनही लिहून ठेवा. पुढच्या भागात झोन दाखल्याचा अर्ज प्रत्यक्ष कसा भरायचा ते पाहू. तोपर्यंत आपापला सातबारा, मिळकत पत्रिका आणि नमुना ८ शोधून एका पिशवीत ठेवा. नमस्कार.